आई-बाबा न्यू जर्सीत आलेत? एक दिवस अलेअरच्या लोखंडी गावात

उन्हाळा लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा, सासू-सासरे येतात. पहिले दोन आठवडे न्यूयॉर्क, स्वातंत्र्यदेवी, नायगारा आणि ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर यांत सरतात. मग शनिवार उजाडला की घरात एकच प्रश्न असतो, आज कुठे? नातवंडं कंटाळायला नकोत, आजोबांचे गुडघे बोलायला नकोत आणि मॉल तर नकोच. या तिन्ही अटींत बसणारी जागा म्हणजे मनमथ काउंटीतलं अलेअर स्टेट पार्क. एडिसनहून गाडीने पाऊण-एक तास. गार्डन स्टेट पार्कवेने आलात तर एक्झिट ९८, आय-१९५ ने आलात तर एक्झिट ३१. बसने किंवा ट्रेनने जायच्या फंदात पडू नका, इथे गाडी लागतेच.

स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारचं उद्यान. यलोस्टोनसारखी नॅशनल पार्कं केंद्राची, ती वेगळी. अलेअरमध्ये जंगल आहे, मॅनास्क्वान नदी आहे, छोट्या रुळांची आगगाडी आहे आणि १८३० च्या दशकातलं, लोखंड गाळण्यासाठी वसवलेलं एक गाव जपून ठेवलेलं आहे. बहुतेक मंडळी आगगाडीत बसतात, डबा खातात, चार फोटो काढतात आणि घरी जातात. त्यात वाईट काही नाही, पण थोडा क्रम बदलला तर दिवस वेगळाच होतो. आधी दलदल, मग भट्टी, मग लोहारशाळा असं गेलात तर चिखलातलं लोखंड ऐरणीपर्यंत कसं पोचतं ते मुलांना समजावून सांगावं लागत नाही. पुढे त्याच क्रमाने लिहिलं आहे.

दिवस कसा निवडायचा

पार्कांचा हंगाम मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारापर्यंत. न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात. त्यामुळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार मिळाला तर सोडू नका. ऊन बेताचं असतं आणि सुट्टीची गर्दी अजून सुरू झालेली नसते.

नवखे इथेच फसतात, म्हणून नीट वाचा. पार्क राज्य सरकारचं, जुनं गाव चालवते एक ना-नफा संस्था आणि आगगाडी चालवतं तिसरंच एक वाहतूक संग्रहालय. तिघांची वेळापत्रकं वेगळी, पैसेही वेगळे. पार्क उघडं आहे म्हणजे लोहार भट्टीवर आहे असं नाही, आणि लोहार असला तरी गाडी धावत असेलच असंही नाही. आदल्या दिवशी तिन्ही संकेतस्थळं उघडून बघा. कारागिरांची प्रात्यक्षिकं बहुतेक करून शनिवार-रविवारी असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर शांतता भरपूर मिळेल, दारं मात्र बंद मिळतील. जुन्या वस्तूंचा बाजार किंवा एखादी जत्रा त्याच दिवशी आहे का तेही बघून घ्या. अशा दिवशी मजा असते, पण गाडी लावायलाच अर्धा तास जातो.

उन्हाळ्यात पार्किंगचं शुल्क असलं तर ते गाडीमागे असतं, माणसांमागे नाही. म्हणजे सात आसनी गाडीत सातही जण कोंबा, एकच पैसा. परराज्याची नंबरप्लेट असेल तर जास्त पडतं. बासष्टच्या पुढच्यांना सवलत आहे, पण ती न्यू जर्सीच्या रहिवाशांना. आजोबांचा भारतीय पासपोर्ट दाखवून फाटकावर वाद घालू नका, मागे रांग असते.

सकाळी दहापर्यंत पोचायचं बघा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी हवा अशी दमट होते की दादरची आठवण यावी, आणि तीन-चारच्या सुमाराला गडगडाटासह सर येण्याचा संभव फार.

बरोबर काय घ्यायचं, अंगावर काय घालायचं

चपला घरी ठेवा. वाटा रेतीच्या आणि खडीच्या आहेत, म्हातारी माणसं त्यावर घसरतात. अमेरिकेला यायचं म्हणून घेतलेले ते पांढरे बूट इथे सत्कारणी लागतील. जंगलात शिरणाऱ्यांनी फिक्या रंगाची लांब पँट घालावी आणि तिची टोकं मोज्यांत खोचावीत. दिसतं विचित्र, पण लाइम नावाचा रोग पसरवणारी गोचीड वर चढताना दिसते. डीट हे किडे दूर ठेवणारं औषध असलेला फवारा उघड्या त्वचेवर मारायचा. परमेथ्रिन हे गोचीड मारणारं औषध मात्र फक्त कपड्यांवर आणि बुटांवर, तेही आदल्या दिवशी मारून पूर्ण वाळवून. साडी नेसणाऱ्या आज्यांनी वाटेच्या मधोमध चालावं, काठ गवतावरून फिरू देऊ नये. गोचिडी उड्या मारत नाहीत, झाडावरून पडतही नाहीत. गवताच्या टोकाला पाय पसरून बसतात आणि जाणाऱ्याला चिकटतात.

दुसरी ओळख पॉयझन आयव्हीची. एका देठाला तीन पानं, त्यातल्या मधल्याचा देठ जरा लांब. कधी जमिनीवर पसरलेली, कधी झाडाच्या खोडावर केसाळ दोरासारखी चढलेली. आजींना फार समजावावं लागणार नाही, कारण आपला बिब्बा याच कुळातला, आंबासुद्धा. बिब्बा उततो तशीच ही वेल उतते, लाल चट्टे येतात आणि पाण्याने भरलेले फोड उठतात. हात लागलाच तर लगेच साबणाने भरपूर पाण्याखाली धुवा, चोळत बसू नका. ज्या कपड्यांना वेल लागली तेही धुवायला टाका, तेल त्यांच्यावर राहतं.

खाण्याचं म्हणाल तर सहलीची टेबलं आहेत, तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं हा आपला जुना बेत इथेही चालतो. दहीभात न्यायचा असेल तर बर्फाच्या पेटीत. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. बिअर घरीच ठेवा, न्यू जर्सीच्या स्टेट पार्कांत मद्याला परवानगी नाही. कचऱ्यासाठी पिशवी न्यायला विसरू नका. या पार्कांत कचराकुंड्या शोधत फिरण्यात अर्थ नसतो, आपला कचरा आपण परत न्यायचा असा शिरस्ता आहे.

पहिला तास दलदलीकाठी

गाडी लावली की मुलं आगगाडीकडे धावतील. त्यांना आवरा, गाडी दुपारीही मिळते. आधी पायवाटांचा नकाशा घ्या किंवा त्याचा फोटो काढा. वाटा रंगांनी ओळखायच्या, झाडांवर त्या त्या रंगाच्या खुणा असतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर सगळ्यात आखूड वाट धरा. लांब वाटेवर सायकली आणि घोडे दोन्ही भेटतात, तिथे म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाण्यात मजा नाही. पार्कात निसर्गकेंद्रही आहे. त्या दिवशी निसर्ग-मार्गदर्शकाबरोबर फेरी असेल तर बाकीचं सगळं पुढे ढकला आणि तिला जा.

आता मुलांना लोखंड शोधायला लावा. ओढ्याच्या कडेला, पाणी थबकलेलं असेल तिथे तळाशी गंजाच्या रंगाचा मऊ गाळ दिसतो. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग असतो. कोणीतरी मोटारीचं तेल सांडलंय असं वाटून आपण नाक मुरडतो. एक काडी घ्या आणि तवंगाला डिवचा. तेल असेल तर ते फिरून लगेच एक होतं. हा तवंग मात्र तडकतो, त्याचे कोनदार तुकडे होतात आणि ते वेगळेच तरंगत राहतात. हे लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम.

घडतं ते असं. पाइनच्या सुया आणि पानं कुजून पाणी आंबटसर होतं. ते जमिनीखालच्या थरांतून झिरपताना तिथलं लोह विरघळवून घेतं. हेच पाणी दलदलीत वर येतं, त्याला हवा लागते, आणि हवा व जिवाणू मिळून त्या लोहाचा गंज करतात. तो वाळूला आणि मातीला धरून थरावर थर चढत जातो, आणि काही दशकांत कुदळीने खणून काढण्याजोगं खनिज तयार होतं. डोंगर फोडायला नको, खाण नको. दक्षिण न्यू जर्सीचा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला लोखंडाचा धंदा या चिखलावर उभा होता. गाळात बोट घालून बघायला हरकत नाही, खडा खिशात टाकायला आहे. पार्कातून दगड, फूल, काहीही न्यायचं नाही.

नदीत पोहायची सोय नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. गळ टाकायची हौस असेल तर सोळा वर्षांच्या आतल्यांना परवाना लागत नाही, मोठ्यांना लागतो.

भट्टी आणि तिचा मालक

गावाकडे वळलात की विटांचा एक धिप्पाड, जुना बुरूज दिसेल. भट्टीचा उरलेला भाग तो एवढाच. लोखंडाला तिघांची सोबत लागायची. दलदलीतलं खनिज, लोणारी कोळसा आणि समुद्रकाठचे शिंपले. कोळशासाठी जंगल तोडून लाकडाची रास रचायची, ती पानांनी आणि मातीने लिंपायची, आत आग धुमसत ठेवायची आणि ती भडकू नये म्हणून रात्रंदिवस राखण करायची. आपल्याकडे लोणारी लोक करत तेच काम. शिंपल्यातला चुना खनिजातली घाण धरून मळी म्हणून वर आणायचा. तळ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं आणि चाकावर भाते चालायचे. वितळलेलं लोखंड साच्यांत ओतून बिडाची भांडी, किटल्या, शेगड्या, नळ बनायचे. बिडाच्या तव्यावर घावन घातलेल्या आजींना हे भांड्यांचं प्रकरण आपलं वाटतं.

मालकाचं नाव जेम्स पीटर अलेअर. त्याचा न्यूयॉर्कला वाफेची इंजिनं करण्याचा कारखाना होता. रॉबर्ट फुल्टनच्या १८०७ च्या आगबोटीसाठी पितळी ओतकाम त्याने केलं, आणि १८१९ मध्ये वाफेची मदत घेऊन अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘सव्हाना’ या जहाजाच्या इंजिनाचा सिलिंडरही त्याच्याच कारखान्यातला. कारखान्याला लोखंड हवं म्हणून त्याने १८२२ मध्ये ही जुनी भट्टी आणि भोवतालची जमीन विकत घेतली. मग कामगारांची घरं, दुकान, बेकरी, शाळा, चर्च असं गावच उभं राहिलं. पगार गावाच्याच छापील चिठ्ठ्यांत मिळे आणि त्या चालत गावाच्याच दुकानात. दुकानाची ती उंच इमारत आजही आहे. सांगली-साताऱ्याकडच्या आजोबांना इथे किर्लोस्करवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. तीही १९१० मध्ये माळरानावर लोखंडाच्याच कामासाठी वसलेली. हिशेब कोणाच्या बाजूने होता यावर दोन पिढ्यांत वाद सुरू झाला तर होऊ द्या, प्रदर्शनातल्या पाट्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

पुढे एकाच वर्षात दोन घाव बसले. १८३७ ची मोठी आर्थिक मंदी आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलेअरची ‘होम’ नावाची आगबोट नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटून सुमारे ९० माणसं बुडाली. त्यातच पेनसिल्व्हेनियात दगडी कोळशावर स्वस्तात लोखंड निघू लागलं होतं. दलदलीच्या लोखंडाला गिऱ्हाईक उरलं नाही, १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात भट्टी विझली आणि माणसं निघून गेली. घरं राहिली. विसाव्या शतकात ही जमीन आर्थर ब्रिस्बेन या वृत्तपत्र-संपादकाने घेतली, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीकडून ती राज्याकडे आली.

मुलांना एक कोडं घाला. गावातल्या चर्चमध्ये वेगळं काय आहे? घंटेचा मनोरा सहसा दारावर असतो, इथे तो मागे, वेदीच्या बाजूला आहे. ज्याला सापडेल त्याला आइस्क्रीम. कामगारांच्या घरांच्या ओळीतलं संग्रहालय मात्र दहा मिनिटांत उरकलं तरी चालेल. भट्टीची प्रतिकृती तेवढी नीट बघा.

लोहारशाळेत घाई करू नका

अख्ख्या दिवसात कुठे जास्त वेळ घालवायचा असेल तर इथे. जुन्या वेशातला लोहार भात्याने आग फुलवतो आणि पेन्सिलीएवढी जाड सळई त्यात खुपसतो. मुलांना सळईचे रंग मोजायला सांगा. आधी काळसर लाल, मग केशरी, मग पिवळा. पिवळ्यावर आली की सांडशीने ऐरणीवर, आणि सात-आठ घावांत तिचं टोक निमुळतं होतं. आवाजाकडे कान द्या. तापलेल्या लोखंडावर घाव बसतो तो बद्द असतो, हातोडा मध्येच ऐरणीवर टेकतो तो खणखणतो. सळई पुन्हा लाल व्हायला लागली की लोहार थांबतो आणि ती परत आगीत जाते. दुसऱ्या तापात टोक ऐरणीच्या शिंगावर वळवून आकडा होतो, तिसऱ्यात मधल्या भागाला पीळ. शेवटी पाण्यात चर्र. पाच-दहा मिनिटांत भिंतीवर टोपी अडकवायची खुंटी तयार.

इथे विचारण्यासारखा एक चांगला प्रश्न आहे. भट्टीतून निघालेलं ओतीव लोखंड ऐरणीवर का घेत नाही? कारण बिडात कार्बन जास्त, ते ठिसूळ. घाव घातला की वाकत नाही, फुटतं. लोहाराला लागतं ते शुद्ध करून लवचीक केलेलं लोखंड. हा प्रश्न विचारलात की लोहार खुलतो, मुलांना पुढे बोलावतो आणि मग तुम्हाला तिथून निघणं जड जातं.

आजोबांना बोलायला लावा. इंग्रजीचा संकोच असेल तर तुम्ही दुभाषी व्हा. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी लहानपणी पाहिलं आहे, त्यांच्याकडे या लोहाराला सांगण्यासारखं पुष्कळ असतं, आणि ही मंडळी ते मनापासून ऐकतात. सुतारशाळेतही तेच. रंधा, पटाशी, करवत यांची नावं मुलांना आजोबांकडून मराठीत कळू देत. चुलीवरच्या स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक असेल तर आजींना पुढे बसवा. इथली चूल म्हणजे भिंतीतली मोठी शेकोटी, त्यात आकड्यांना टांगलेली बिडाची भांडी आणि झाकणावरही निखारे ठेवलेलं पातेलं. वर-खाली विस्तव ठेवून भाजणं आजींना नवं नाही.

मेणबत्त्या करणं, लोकर कातणं अशी हाताने करायची कामं काही दिवशीच असतात आणि त्यांना बहुधा वेगळे पैसे पडतात. वेळापत्रकात दिसली तर आधी नाव नोंदवा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना बघण्यापेक्षा करण्यात रस असतो, त्यांच्यासाठी हे पैसे वसूल.

मग आगगाडी

पाइन क्रीक रेलरोडची गाडी तीन फुटी रुळांवर धावते. माथेरानची दोन फुटी, म्हणजे ही जरा रुंद. घाट नाही, वळणावरची माकडं नाहीत, झाडांतून एक छोटा फेरा आहे. वाफेच्या इंजिनाची खात्री धरू नका, डिझेल असण्याचीच शक्यता जास्त. गाडी चालवणारे हौशी स्वयंसेवक आहेत आणि जुनी इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा छंद. रेल्वेत नोकरी केलेले आजोबा असतील तर त्यांना दुरुस्तीच्या शेडकडे सोडून तुम्ही बाकीच्यांसाठी तिकिटं काढा.

यानंतर दम उरला असेल तर पार्कातून मॅनास्क्वान गावापर्यंत जाणारा सायकलमार्ग आहे. तरुण मंडळींनी तो करावा, बाकीच्यांनी सावलीत चटई टाकावी. हे असं पुन्हा हवंसं वाटलं तर दक्षिणेला व्हॉर्टन स्टेट फॉरेस्टमधलं बॅटस्टो गाव बघा. दलदलीच्या लोखंडाचंच, पण १७६६ पासूनचं, आणि स्वातंत्र्ययुद्धात सैन्याला माल पुरवलेलं.

घरी पोचल्यावर, अंघोळीच्या आधी

कितीही थकलात तरी हे टाळू नका. कपडे थेट ड्रायरमध्ये, जास्त तापमानावर दहा मिनिटं, नंतर धुलाई. कोरड्या उष्णतेने गोचीड मरते, नुसत्या धुण्याने मरतेच असं नाही. मग अंघोळ, आणि अंग तपासायचं. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, बेंबीत, कानामागे, केसांच्या मुळाशी. मे ते जुलै या काळातली काळ्या पायांच्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, अंगावरचा तीळ समजून दुर्लक्ष होतं. चष्म्याशिवाय आजींना दिसणार नाही, सुनेने किंवा लेकीने बघावं.

चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, चुना, नेलपॉलिश, काडेपेटी यातलं काही नको. गोचिडीला चिडवलं तर उलट धोका वाढतो. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. लाइम रोगाचे जंतू शरीरात जायला गोचीड साधारण एक दिवस चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच रात्री तपासण्याचा हा आग्रह. तीन ते तीस दिवसांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला, ताप आला, सांधे दुखायला लागले तर डॉक्टरकडे जा. वेळेत कळलं तर प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो.

आई-बाबा त्या आतच भारतात परतणार असतील तर निघण्यापूर्वी त्यांच्या फाइलमध्ये एक कागद ठेवा. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जंगलात अमुक तारखेला फिरलो, गोचीड चावली किंवा चावली असण्याची शक्यता आहे, एवढं इंग्रजीत लिहून. पुण्यातल्या डॉक्टरांसमोर ताप आणि अंगदुखी आली की ते आधी डेंग्यू, चिकुनगुनिया तपासणार, लाइमचा विचार सहसा त्यांच्या मनात येत नाही. आजी-आजोबा तर सांगायला हमखास विसरतात.